बॉल घ्यायचा, पण लेन बघून!

'ड्राय डे' म्हटलं की आपल्याला लगेच कळतं. पण 'ड्राय लेन'? नाही ना! मॉलमध्ये बॉलिंग खेळणाऱ्यांपैकी निम्म्यांना तरी हा शब्द ठाऊक नसेल. मला तो भेटला थेट अमेरिकेत, रीनो नावाच्या शहरात.

लास व्हेगासला काय, सगळेच जातात. त्याच नेवाडा राज्याच्या दुसऱ्या टोकाला, कॅलिफोर्नियाच्या सीमेजवळ रीनो आहे. माझा मावसभाऊ फ्रीमॉण्टला ऑनसाइट होता. प्रोजेक्ट संपलं, पुण्याला कायमचं परतायचं ठरलं आणि जाण्याआधी दादाला एकच खरेदी करायची होती : स्वतःचा बॉलिंग बॉल. तो पुण्यात ऑफिसच्या टीममधून दर गुरुवारी खेळायचा आणि पुन्हा खेळणार होता. मग काय, वीकएण्ड बघून गाडी काढली. साधारण चार तासांचा रस्ता. वाटेत सिएरा नेवाडाचा घाट; डॉनर समिटला आपण सात हजार फुटांच्या वर असतो. पाइनची झाडं संपली की एकदम उघडेबोडके डोंगर आणि त्यात रीनो.

शहराची कमान फेमस आहे. 'जगातलं सर्वांत मोठं छोटं शहर' असं तिच्यावर दिव्यांत लिहिलंय. १९३१ मध्ये नेवाडाने जुगार कायदेशीर केला आणि त्याच वर्षी घटस्फोटासाठी राज्यात राहण्याची अट सहा आठवड्यांवर आणली. त्यामुळे एके काळी लोक इथे संसार मोडायला यायचे! आता ट्रकी नदीच्या काठाने निवांत फिरता येतं, कॉफी पिता येते.

बॉलिंगचा ताजमहाल

पण आम्ही आलो होतो त्या चंदेरी घुमटासाठी. नॅशनल बॉलिंग स्टेडियम १९९५ मध्ये सुरू झालं. एका रांगेत ७८ लेन्स! दर्शनी भागातला गोल घुमट लांबून अवाढव्य बॉलसारखाच दिसतो. या वास्तूला 'टेनपिन्सचा ताजमहाल' असं टोपणनाव आहे, हे ऐकून आपली कॉलर उगाचच ताठ होते. १९९६ च्या 'किंगपिन' सिनेमाचा शेवटचा सामना इथेच शूट झालाय. स्टेडियम बांधलंय स्पर्धांसाठी, त्यामुळे आम्ही बाहेरूनच फोटो काढले आणि खेळायला एका कसिनोतल्या बॉलिंग सेंटरमध्ये गेलो. तिथेच कोपऱ्यात बॉलचं दुकान होतं.

दादाची नजर पहिल्याच शेल्फवर अडकली. काळा-लाल, किंचित खरखरीत, दुकानातला सगळ्यात दणकट बॉल. किंमतही तशीच. काऊंटरवरच्या पांढऱ्या मिशांच्या काकांनी तो खाली काढलाच नाही. उलट विचारलं, "खेळणार कुठे?"

दादाने मोबाइलवर पुण्यातल्या गुरुवारच्या गेमचा व्हिडिओ दाखवला. काकांनी तो तीनदा बघितला. बॉल लेनवरच्या बाणांच्या थोडासाच पुढे गेला की वळायला लागत होता आणि पिन्सपर्यंत पोचेस्तोवर त्याचा दम संपलेला. कोपऱ्यातली दहा नंबरची पिन दर वेळी उभी. "ड्राय लेन," काका म्हणाले.

लेनला तेल?

हो, लेनला तेल लावतात! फाऊल लाइनपासून पहिल्या पिनपर्यंत साठ फूट. त्यातल्या साधारण चाळीस फुटांवर मशिनने तेलाचा पातळ थर देतात. रोजच्या खेळासाठी मध्ये जास्त, कडेला कमी. लेनचं संरक्षण होतं, शिवाय बॉल आधी घसरतो आणि पुढच्या कोरड्या भागात पकड घेऊन वळतो. कॅरमचं आठवा. बोरिक पावडर असली की स्ट्रायकर सुळकन जातो, नसली की अडखळतो. इथे पावडरच्या जागी तेल. प्रत्येक बॉल थोडं तेल उचलतो, थोडं पुढे ढकलतो. दिवसभर गर्दी खेळली आणि पुन्हा तेल मारलं नाही, तर संध्याकाळी ऑफिस सुटल्यावर आपल्या वाट्याला येते ती कोरडी ठक्क लेन.

अशा लेनवर तो काळा-लाल बॉल काय करेल? त्याचं बाहेरचं आवरण रिअॅक्टिव्ह रेझिनचं. हा प्रकार १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला आला आणि खेळच बदलून गेला, कारण तो तेलातही पकड घेतो आणि तेल शोषतो. "हा तेल पिणारा बॉल आहे," काका म्हणाले, "आणि तुमच्या लेनवर त्याला प्यायला काही नाही." कोरड्यावर तो लवकर वळणार, लवकर थकणार.

दादाचा चेहरा उतरला. सहा महिने पैसे बाजूला टाकले होते त्याने. आणि बॉलला एकदा आपल्या बोटांच्या मापाची भोकं पाडली की परत करायची सोय नाही. काकांनी मग निम्म्या किमतीचा, निळा, चकचकीत पॉलिश केलेला पर्ल बॉल पुढे ठेवला. दादाने तो बराच वेळ हातात धरला. एक नजर शेल्फकडे. मग म्हणाला, "द्या. ह्यालाच भोकं पाडा."

घेताना हे बघा

* आवरण : ड्राय लेनला सौम्य पर्ल रिअॅक्टिव्ह बरा, तो जास्त घसरतो आणि उशिरा वळतो. अगदीच कोरडं असेल तर प्लास्टिक. उरलेल्या पिन्सवर सरळ मारायलाही तोच कामाचा.
* पृष्ठभाग : पॉलिश केलेला हवा. खरखरीत बॉल लवकर पकड घेतो.
* आकडे : बॉलच्या माहितीत 'आरजी' आणि 'डिफरन्शियल' असतं. आरजी २.४६ ते २.८० इंचांत असतो. तो जास्त, तर बॉलची गिरकी उशिरा जोर धरते. डिफरन्शियलची कमाल मर्यादा ०.०६०, आपल्याला कमी हवं.
* वजन : नियमाने कमाल १६ पौंड. खांद्याला झेपेल तेवढंच घ्या. दादाचा १४ पौंडांचा म्हणजे सव्वासहा किलोंच्या वर. विमानाच्या २३ किलोंतून तेवढे वजा!
* आधी हे करून बघा : टाकलेला बॉल परत आला की त्यावर तेलाच्या रेघा दिसतात का? जवळजवळ नसतील तर लेन ड्राय. उजव्या हाताने खेळत असाल तर थोडं डावीकडे सरका, मधल्या तेलावरून बॉल टाका, वेग वाढवा. कधी कधी एवढ्यावरच काम भागतं आणि खरेदी वाचते.

पुण्यातल्या पहिल्या गुरुवारी दादाने १४२ केले. नेहमीपेक्षा फार नाहीत. पण रात्री साडेअकराला त्याचा एसएमएस आला : "दहा नंबरची पडली. चार वेळा!"