इंद्रायणीकांठची शिवराई

गेल्या कार्तिकांत आम्हीं देहूस चार दिवस मुक्काम केला. पाऊस सरून इंद्रायणीचें पाणी उतरलें म्हणजे घाटाखालील वाळू उघडी पडते, आणि मुलें दोरीला लोहचुंबक बांधून यात्रेकरूंनीं टाकलेलीं नाणीं ओढूं लागतात. आमचा नातूहि त्यांत रमला. हल्लींचे पोलादी रुपये चुंबकाला चटकन् चिकटत. परंतु वाळू उपसतांना हातीं आलेली एक काळी-हिरवी चकती त्यास मुळींच दाद देईना. तांब्याला चुंबक ओढीत नाहीं, हा पाठ तेथेंच झाला.

घाटावरील एका वृद्ध वारकऱ्यानें ती कपाळास लाविली व म्हटलें, "गुरुजी, हा तुकोबांच्या वेळचा पैसा! चिंचेनें लख्ख घासा अन् देव्हाऱ्यांत ठेवा."

चिंचेचें नांव निघतांच आम्हांस घरची गोष्ट आठवली. आमच्या देव्हाऱ्यांत वडिलोपार्जित तांब्याचा पैसा आहे. दर लक्ष्मीपूजनास आम्ही तो चिंच-मीठ लावून स्वहस्तें घाशीत असूं. पैसा सोन्यासारखा झळके. पण चाळीस वर्षांत त्यावरील अक्षरें पार गेलीं. तो कोणत्या राजवटीचा, हें सांगण्यास आज कांहींच उरलेलें नाहीं. भक्ति म्हणून आम्हीं जें केलें, त्यानेंच तें नाणें मुकें झालें.

म्हणून या चकतीस आम्हीं आंबट लागूं दिलें नाहीं. ऊर्ध्वपातित पाण्यांत ती आठ दिवस, रोज पाणी बदलून, भिजत ठेविली. सुटलेली माती बांबूच्या काडीनें हलकेंच काढली. घट्ट बसलेला हिरवा थर मात्र राखला; तो खरवडला तर त्याबरोबर अक्षरेंहि निघून येतात. मग रात्रीं खोलींत अंधार करून दिवा एका बाजूनें, अगदीं खालीं धरला. तिरप्या उजेडांत झिजलेला उठाव सांवली टाकूं लागला. एकीकडे 'राजा' व त्याखालीं 'शिव', दुसरीकडे 'पति' एवढें लागलें. 'श्री राजा शिव', 'छत्रपति': शिवराई!

आतां कालनिर्णय. हा लेख १६७४ च्या राज्याभिषेकाचा. तुकोबांचें प्रयाण शके १५७१ च्या फाल्गुनांत, म्हणजे इ. स. १६५० मध्यें. तेव्हां हा पैसा तुकोबांच्या वेळचा नव्हे. शिवाय अक्षरांच्या ओळींमध्यें दोन आडव्या रेघा आढळल्या. ही उत्तर पेशवाईंतील 'दुदांडी' शिवराईची खूण होय.

"म्हणजे खुद्द महाराजांच्या वेळचीहि नाहीं का, आजोबा?" नातू हिरमुसला. आम्हीं म्हटलें, "बाळ, महाराज १६८० मध्यें गेले. त्यानंतर शंभर वर्षांनींहि मीठ-मिरची घेणाऱ्याच्या मुठींत त्यांचेंच नांव होतें. हें काय थोडें झालें?"

जमिनींत सांपडलेल्या दहा रुपयांवरील मोलाच्या ठेव्याची खबर कलेक्टरास द्यावी, असा १८७८ चा कायदा आहे. नाण्याचें मोल आम्ही काय ठरविणार? तेव्हां लेखी खबर पाठविली. त्या वारकरीबुवांसहि सर्व खरें सांगितलें. मनांत थोडी धाकधूक होती. ते हंसून म्हणाले, "मग कुणा माझ्यासारख्यानंच वाहिला असेल, गुरुजी."