पाटीचे वजन

एफ. वाय.ला असताना जिमखान्यातल्या काट्यावर उभी राहिले. काटा ८२ वर थांबला आणि मागून कुणीतरी म्हणाले, "रोडरोलर!" उंची पाच फूट एक इंच. आपल्याकडे बीएमआय २३ च्या पुढे वजन जास्त धरतात. माझा ३४ निघाला. त्या रात्री मी जेवले नाही. दुसऱ्या दिवशी दुप्पट जेवले.

मग रेवदंड्याच्या किनाऱ्यावर पहाटे धावायचे ठरवले. किल्ल्याच्या तटाशी पोचेपर्यंतच दम संपे. (आतल्या सातखणी बुरुजाचे सातांपैकी चारच मजले उरलेत, मला त्याचा हेवा वाटे!) चार दिवसांत बूट खाटेखाली गेले.

पावसाळ्यानंतर आईचे गुडघे धरले. ती मासळीची पाटी घेऊन चौलच्या वाड्यांतून हिंडते. "पाटी तू घे, भाव मी करते," ती म्हणाली. लाज वाटली, खोटे कशाला सांगू? पण डोक्यावर पाटी असली की मान खाली घालता येत नाही.

सहा महिन्यांत पाच किलो उतरले. परवा एका गिऱ्हाइकाने विचारले, "ही कोण गं?"

"माझी पोर. बी. ए.ला आहे," आई म्हणाली आणि बोंबलांचा भाव सांगू लागली.