देवघराशेजारची पुंगळी

भिवंडी म्हटली की तुम्हाला यंत्रमागांचा खडखडाट आठवेल, नाहीतर नाशिक रस्त्यालगतची गोदामे. पण वज्रेश्वरीच्या वाटेला लागा, भातखाचरे आणि कौलारू घरे अजून दिसतात. मिठाच्या पाण्यात पोचट बियाणे कसे तरंगते, हे दाखवायला मी तिकडच्या एका वाडीत गेलो होतो.

चहाला बसलो, तर देवघराशेजारी मोरपिसे खोचलेले उभट पितळी भांडे. अंगावर पंजेवाला चिनी ड्रॅगन, बाजूला उभ्या ओळीत चिनी अक्षरे.

"सासऱ्यांनी मुंबईच्या गोदीतून आणलेलं," आजी म्हणाल्या. नातू ते मोडीत घालायला निघाला होता.

भांडे कसले, तोफेची पुंगळी ती! आधी धोका पाहिला. आत रिकामी, बुडाच्या मधोमध टोपीवर सुईचा खळगा, म्हणजे बार उडालेला. तुमच्याकडे अशी वस्तू निघाली आणि तोंडात गोळा बसलेला असला किंवा टोपी कोरी असली, तर हात लावू नका, पोलीस पाटलांना कळवा. भंगारात आलेल्या गोळ्यांच्या स्फोटात २००४ साली गाझियाबादला कामगारांचे बळी गेले आहेत.

नुसत्या अक्षरांवरून वस्तू चीनची ठरत नाही. जपानीही ती अक्षरे वापरतात. बूड पाहावे. इथे इंग्रजी छाप होता: अठरा पौंडी तोफ, साल १९१७. हे साल पुंगळी घडवल्याचे, नक्षीचे नव्हे.

मग इंग्रजी पुंगळीवर चिनी हात कसा? पहिल्या महायुद्धात इंग्रज आणि फ्रेंचांनी सुमारे १,४०,००० चिनी मजूर फ्रान्सात नेले. बरेचसे शांटुंग प्रांतातले, तुमच्याआमच्यासारखे शेतकरी. खंदक खणायचे, माल वाहायचा आणि १९१८ साली तोफा थंडावल्यावर रानातले न फुटलेले गोळे वेचायचे. ज्या जमिनीत गहू पेरायचा, तीत लोखंड पेरलेले! नोयेल गावी त्यांच्या ८००हून अधिक कबरी आहेत. फावल्या वेळात हे लोक रिकाम्या पुंगळ्यांवर नक्षी कोरत आणि गोऱ्या शिपायांना विकत. ही त्यातलीच असावी, असे मला वाटते. अक्षरे वाचणारा भेटला, तर उलगडा होईल.

नातवाने उजेडात नेऊन फोटो काढले. मुंबईच्या वस्तुसंग्रहालयात दाखवतो म्हणाला.

अक्षरे एका अंगाला पार पुसट झाली होती. आजी ओशाळल्या. "दर दिवाळीला चिंच लावून घासते मी, साहेब. आता नको?"

"नको आजी. कोरडं फडकं पुरे."

त्यांनी मोरपिसे पुन्हा खोचली.