स्पीडबोट आणि अनर्थदंड



नॉर्वेहून आल्यापासून मंदिरात भेटेल ती विचारते, "फ्योर्ड म्हणजे काय गं?" हिमनदीने डोंगर खोल कोरले आणि त्या दरीत समुद्राचं पाणी शिरलं, की झाला फ्योर्ड. आम्ही पाहिला तो नॅरॉय फ्योर्ड. २००५ पासून तो जागतिक वारसा आहे. कडे पाण्यावर १,४०० मीटरपर्यंत उंच, पाण्याखाली आणखी ५०० मीटर, आणि सर्वांत अरुंद जागी रुंदी फक्त २५० मीटर!

फ्लोम गावातून तिथे स्पीडबोटीने जाता येतं. बर्गनला राहणाऱ्या माझ्या दिरांनी तिकिटं काढून ठेवली होती. सासूबाईंनी बारा व्रतं घेतली आहेत. त्या म्हणाल्या, "तुम्ही जाऊन या. एवढं पाणी ढवळायचं ते कशासाठी? हा अनर्थदंड."

माझी लेक लगेच म्हणाली, "आजी, मग आपण विमानाने आलो ते?"

"ते तुझ्या काकाला भेटायला. त्याला कारण होतं."

आचार्य समंतभद्रांनी रत्नकरंड श्रावकाचारात अनर्थदंडाचे पाच प्रकार सांगितले आहेत. त्यातली प्रमादचर्या म्हणजे कारण नसताना जमीन खणणं, पाणी उडवणं, आग पेटवणं, झाडपाला तोडणं, उगाच भटकणं. संसारात राहून हिंसा पूर्ण सुटत नाही, म्हणून निदान विनाकारण होणारी तरी टाळा, एवढंच आपल्याकडे मागितलं आहे.

आम्ही दोघी गेलो. अंगात जाड सूट, डोळ्यांवर गॉगल. बोट वळणावर तिरकी झाली की लेक आनंदाने ओरडायची. मजा मलाही आली, खोटं कशाला सांगू? मग एका धबधब्याखाली नावाड्याने इंजिन बंद केलं. तेव्हा कुठे पाणी पडल्याचा आवाज ऐकू आला, आणि जवळच्या खडकावर पहुडलेला सील दिसला. तो मान वर करून आमच्याकडे बघत होता. इंजिन पुन्हा सुरू झालं तसा तो घसरून पाण्यात गेला.

लेक हळूच म्हणाली, "आई, आपल्यामुळे गेला ना तो?"

मी "हो" म्हटलं.

दुसऱ्या दिवशी तिनेच आजीला हात धरून विजेवर चालणाऱ्या मोठ्या बोटीत नेलं. फ्लोम ते गुडवांगन या मार्गावर ती २०१८ पासून चालते. सुमारे दोन तास लागतात, आणि आवाज जवळजवळ नाहीच. तेच कडे, तेच धबधबे. सासूबाई खिडकीशी जपमाळ घेऊन बसल्या होत्या आणि मधूनमधून नातीला बोट दाखवत होत्या. पाहायला जाणं हे कारण मला पटतं. वेग मात्र त्या कारणात बसत नाही.

कुणी जाणार असाल तर दशम्या आणि मेतकूट सोबत ठेवा. जूनमध्ये तिथे सूर्य रात्री साडेदहानंतर मावळतो. तरी आमच्या सासूबाईंनी रोज सातलाच पाणी सोडलं!