मामाची क्लच प्लेट

माझ्या मामानं महाड आगारात 31 वर्षं एसटी चालवली. मी गेली 18 वर्षं जर्मनीत, स्टुटगार्टजवळ, ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या सॉफ्टवेअरवर काम करतो. माझं काम मामाच्या हातातून आलं, हे मी ऑफिसात बऱ्याचदा सांगितलंय. लिहून मात्र आज पहिल्यांदा ठेवतोय.

1994च्या मे महिन्यात त्यानं मला गाडी शिकवली. शेतावरची जुनी जीप होती, दुसऱ्या गिअरचं सिंक्रो, म्हणजे दातांचा वेग आपोआप जुळवणारा भाग, कधीच गेलेलं. गिअर चुकीचा टाकला की अशी करकरायची की आवाज वाडीपर्यंत जायचा. मामाला त्याचं काही वाटत नसे, कारण नोकरीच्या सुरुवातीला त्यानं सिंक्रो नसलेल्याच गाड्या हाकल्या होत्या. वरंध घाटाच्या पायथ्याशी त्यानं जीप थांबवली, स्वतः बाजूच्या सीटवर सरकला आणि म्हणाला, "ये, बस इथं. दांडीकडे बघायचं नाही. इंजिन काय म्हणतं ते ऐकायचं."

मग डबल क्लच. तिसऱ्यावरून दुसऱ्यावर यायचं तर क्लच दाब, न्यूट्रल कर, क्लच सोड, थोडी रेस दे, परत क्लच दाब आणि आता टाक. माझा डावा हात दांडीवर आणि त्यावर मामाचा उजवा तळहात. रेस नेमकी बसली की दांडी ढकलावी लागत नसे, आपणहून आत ओढली जायची. ती ओढ मला आजही तळहाताला आठवते. कारण साधं आहे. गाडीचा वेग तोच असताना खालच्या गिअरला इंजिन जास्त फिरावं लागतं. ती जास्तीची फिरत आधीच देऊन ठेवली, की दातांना दात भिडताना भांडण होत नाही. हे कारण मला पुढे इंजिनिअरिंगला कळलं. मामानं कारण सांगितलं नव्हतं, आवाज ऐकवला होता.

चढावर मी हाफ क्लचवर गाडी धरून ठेवायचो. एके दिवशी जळका वास आला. मी घाबरून हँडब्रेक ओढला. मामा म्हणाला, "प्लेटच आहे ना, बदलता येते. चल, परत उचल." त्यानं ती बदलली, महाडच्या गॅरेजात, स्वतःच्या पगारातून. आईला मात्र सांगितलं, जीप सर्व्हिसिंगला टाकली आहे. खरं काय ते मामीनं मला नऊ वर्षांनी, माझ्या लग्नात सांगितलं.

माझं आजचं काम म्हणजे डबल क्लचच, फक्त मशीनकडून करून घ्यायचं. आमच्या गिअरबॉक्सात खरोखरच दोन क्लच असतात. एका शाफ्टवर एक, तीन, पाच, सात आणि दुसऱ्यावर दोन, चार, सहा. गाडी तिसऱ्यावर धावत असतानाच चौथा आत टाकून ठेवलेला असतो. एक क्लच सुटता सुटता दुसरा धरतो आणि चाकांकडे जाणारा जोर तुटत नाही. खाली येताना किती रेस द्यायची याचे आकडे माझ्यासारखी माणसं भरतात: थंड तेलाला वेगळे, गरम तेलाला वेगळे, उताराला वेगळे. रेस जास्त झाली तर गाडी पुढे ढकलते, कमी पडली तर मागून कुणी धरल्यासारखा झटका बसतो. हा झटका मी लॅपटॉपवरच्या आलेखात दिसायच्या आधी ओळखतो. सहकारी त्याला अनुभव म्हणतात. ते वरंध घाटातले पंधरा दिवस आहेत.

स्पोर्ट्स कारमधल्या मॅन्युअल-ऑटोमॅटिकच्या वादात वेगाचा प्रश्न कधीच मिटलाय. 1989मध्ये नायजेल मॅन्सेलनं ब्राझीलची शर्यत जिंकली ती स्टिअरिंगमागच्या पट्टीनं गिअर बदलणाऱ्या फेरारी 640मध्ये. 1997मध्ये ती पट्टी फेरारीच्या एफ 355मधून रस्त्यावर आली. 2003मध्ये फोक्सवागननं गोल्फ आर 32मध्ये दोन क्लचचा गिअरबॉक्स दिला. आणि 2013मध्ये पोर्शनं 911 जीटी 3, म्हणजे शर्यतीच्या सर्वांत जवळची 911, फक्त ऑटोमॅटिकमध्ये आणली. हाताच्या गिअरवर प्रेम करणारी माणसं तेव्हा मनापासून दुखावली. 2016ची 911 आर फक्त मॅन्युअल होती आणि 991च बनवल्या. 2017मध्ये जीटी 3लाही सहा गिअरची दांडी परत मिळाली.

या जीटी 3चे आकडे मला पाठ आहेत. शून्य ते 100 ऑटोमॅटिकला 3.4 सेकंद, मॅन्युअलला 3.9. अर्धा सेकंद! आमच्या धंद्यात अर्ध्या सेकंदासाठी वर्षं जातात. तरीही माझं मत स्पष्ट आहे: शर्यतीत घड्याळ जिंकायचं असेल तर आम्ही बनवतो ते घ्या, रस्त्यावर चालवण्यासाठी स्पोर्ट्स कार घेत असाल तर मॅन्युअल घ्या. तो अर्धा सेकंद चालवणाऱ्याचा स्वतःचा असतो. त्यात त्याची चूक राहते, आणि त्याला शिकवणारा माणूसही राहतो.

2018मध्ये दोन्ही प्रकारच्या जीटी 3 तुलनेसाठी आमच्याकडे आल्या होत्या. मॅन्युअल गाडीत स्पोर्टचं बटण दाबलं की खाली येताना रेस गाडी स्वतःच देते. मी ते दाबलं नाही. इथं दांडी उजव्या हाताला. डाव्या हातानं शिकलेलं उजव्याला शिकवायला मला नोकरीचं पहिलं वर्ष लागलं होतं. एका वळणाच्या तोंडाशी, ब्रेकवरचा पाय तिरका करून टाचेनं रेस दिली, तिसऱ्यावरून दुसऱ्यावर आलो आणि दांडी आपणहून आत ओढली गेली. चार लिटरचं इंजिन मागे ओरडत होतं. मला मामाच्या तळहाताचं वजन जाणवलं. त्याला जाऊन तीन वर्षं झाली होती. मी गाडी कडेला घेतली आणि जरा वेळ तसाच बसून राहिलो.

जर्मनीत 2021च्या एप्रिलपासून नियम बदलला. परीक्षा ऑटोमॅटिकवर द्या, पण मॅन्युअलच्या किमान दहा तासिका आणि 15 मिनिटांची चाचणी ड्रायव्हिंग स्कूलमध्ये पूर्ण केली तर दोन्ही गाड्या चालवता येतात. माझ्या मुलीनं तोच मार्ग घेतला. ऑटोमॅटिक ती एका दुपारात शिकली. कुणाला शेजारी हात धरून बसावं लागलं नाही. मॅन्युअलच्या तासिका सुरू व्हायच्या आधी मी एक जुनी गिअरची गाडी घेतली आणि दर रविवारी तिला सरावाच्या बंदिस्त मैदानावर नेऊ लागलो.

पहिल्या दिवशी गाडी अकरा वेळा बंद पडली. चौथ्या रविवारी जळका वास आला आणि तिनं घाबरून माझ्याकडे पाहिलं. मी तिला म्हटलं, चल, परत उचल. प्लेट त्याच आठवड्यात बदलून घेतली. तिला अजून सांगितलेलं नाही.