गोष्ट सांगावी, पण कुणाची?

हल्ली घरोघरी ओट्यावर मिसळणाच्या डब्याशेजारी मोबाइलचा स्टँड दिसू लागला आहे. कुणी मोदकाच्या पाकळ्या कशा पाडाव्यात ते दाखवते, कुणी जुन्या साड्यांची गोधडी शिवून दाखवते, तर कुणी परसातला भाजीपाला. आमच्या माणगावातही असे व्हिडिओ करणाऱ्या बायका आता एक-दोन राहिलेल्या नाहीत. बाजारात भेटल्या की त्यांची तक्रार एकच, "इतकं मन लावून करते, पण बघतच नाही गं कुणी!"

मैत्रिणींनो, मला वाटते या तक्रारीचे औषध महागड्या कॅमेऱ्यात नाही की दिव्यांतही नाही. ते आपल्या आजीपाशी होते. आजी गोष्ट सांगायची.

माझी एक शेजारीण आहे. वालाच्या बिरड्यात तिचा हात धरणारे आमच्या आळीत कुणी नाही. तिने पहिला व्हिडिओ बिरड्याचाच केला. आधी 'नमस्कार मैत्रिणींनो' झाले, मग चॅनेलला सबस्क्राइब करा झाले, घंटा दाबा झाले, मग साहित्याची यादी. दीड मिनिट उलटले तरी वालाचा दाणा काही दिसेना! यूट्यूब आपल्याला आपल्या व्हिडिओचा आलेख दाखवते. बघणारी माणसे कुठल्या क्षणी उठून गेली ते त्या रेघेवरून कळते. पहिल्या तीस सेकंदांनंतर किती जण टिकले, तेही समजते. शेजारणीची रेघ विहिरीत पोहरा सोडावा तशी सरळ खाली गेली होती. बिचारी रडकुंडीला आली.

मी शाळेत अर्धवेळ मराठी शिकवते. शेवटच्या तासाला पोरांचे कान एस.टी.च्या भोंग्याकडे लागलेले असतात. तेव्हा 'विभक्ती ओळखा' म्हटले की वर्ग हातचा गेलाच. पण 'एकदा काय झालं...' एवढे तीन शब्द उच्चारले, की चिडीचूप! यात माझी काही करामत नाही. पुढे काय झाले हे कळेपर्यंत माणूस जागचा हलत नाही, हा मनुष्यस्वभावच आहे. श्रावणातल्या कहाण्या आठवून पाहा. कुणीतरी एक असते, त्याच्यावर संकट येते, ते काहीतरी करून पाहते आणि शेवटी त्याचे काय होते ते कळते. घंटा दाबा म्हणायला तिथे कुणाला सवडच नसते.

आमच्याच तालुक्यात, गोरेगावजवळ वडघरला साने गुरुजींचे राष्ट्रीय स्मारक आहे. गुरुजींनी 'श्यामची आई' १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिली. तिच्यात प्रकरणे नाहीत, रात्री आहेत. रोज रात्री श्याम आपल्या आश्रमातल्या मित्रांना एकेक आठवण सांगतो. आणि आठवणी तरी केवढ्या? अंघोळ झाल्यावर ओल्या पायांना माती लागू नये असा मुलाचा हट्ट आणि त्याच्यासाठी दगडावर ओचे पसरणारी आई, एवढीशी! पण ती सांगितली आहे अशी, की नव्वद वर्षांनंतरही डोळे भरून येतात. गोष्टीला मोठा प्रसंग लागत नाही, एवढे तरी यावरून आपण शिकावे.

आपल्या रायगडची पोपटीच घ्या. मडक्यात तळाला भांबुर्डीचा पाला, त्यावर वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी, मीठ आणि ओवा. तोंडाशी पुन्हा पाला कोंबायचा, मडके उपडे घालायचे आणि भोवती जाळ करायचा. आत पाण्याचा थेंबही घालायचा नाही. हे असे सांगितले तर झाली पाककृती. पण तोच व्हिडिओ थंडीच्या रात्री, जाळाभोवती बसलेल्या माणसांपासून सुरू करा. आत शिजले की करपले, कुणालाच दिसत नाही. मग घरातले जाणते माणूस मडक्यावर पाणी शिंपडते. पाणी चर्र करून क्षणात उडून गेले, की झाली पोपटी! ते 'चर्र' ऐकेपर्यंत बघणारी उठणार नाही. गोष्ट पोपटीतच आहे, आपण फक्त ती यादीखाली दडपून टाकतो.

ज्यांना लाखोंनी प्रेक्षक मिळाले, त्यांच्याकडे पाहा. मधुरा बाचल यांनी २००९ साली परदेशात असताना यूट्यूबवर पाककृती दाखवायला सुरुवात केली. नगर जिल्ह्यातल्या (आताचे अहिल्यानगर) सारोळा कासारच्या सुमन धामणे यांनी २०२० साली नातवाच्या मदतीने 'आपली आजी' हे चॅनेल काढले, तेव्हा त्यांचे वय सत्तरीच्या घरात होते. लोक तिथे भाजी शिकायला जातात हे खरेच, पण आजीला भेटायलाही जातात!

हे सारे मी शेजारणीला सांगितले. तिने दुसऱ्यांदा बिरडे केले तेव्हा सासूबाई शेजारी बसून कोमट पाण्यात वाल सोलत होत्या. मोबाइल चालू आहे याचे त्यांना भानही राहिले नाही. बोलता बोलता त्या १९८२ सालात गेल्या. जानेवारीत मुंबईत गिरण्यांचा संप सुरू झाला आणि त्यांचे यजमान गावी परतले. भात काढल्यावर शेतात पेरलेल्या वालांवर त्या घराने दिवस काढले. कधी बिरडे, कधी नुसत्या उकडलेल्या शेंगा. मंगळसूत्र मोडले ते सांगितले, आणि यजमानांनी त्या निराशेत काय काय केले तेही सांगितले.

शेजारीण तो व्हिडिओ घेऊन माझ्याकडे आली. खरोखर, श्वास रोखून पाहावा असा होता. लावला असता तर रेघ खाली आलीच नसती! पण रात्री घरात तो सर्वांनी पाहिला आणि वाद सुरू झाला. धाकटे दीर म्हणाले, "वहिनी, आपली गरिबी चव्हाट्यावर कशाला मांडायची?" नवरा गप्प बसला. शेजारीण म्हणाली, "खरं आहे तेच सांगितलंय ना आईंनी?"

सासूबाईंनी सगळे ऐकून घेतले. मग म्हणाल्या, "उपास काढले ते मी काढले. मंगळसूत्र माझं होतं. त्याची लाज मला नाही, मग तुम्हाला का? ते राहू दे. पण ह्यांचं जे बोलले ते काढ गं. ते ह्यांचं होतं. सांगू की नको, विचारायला ते आता नाहीत."

ती दोन मिनिटे कापली गेली. व्हिडिओ यूट्यूबवर आला. खाली कुणी कुणी आपापल्या घरच्या संपाच्या आठवणी लिहिल्या. पोरीबाळींनी वाल कसे सोलायचे तेही विचारले. धाकट्या दिरांनी तो स्वतः मुंबईच्या नातलगांना पाठवला, यातच सारे आले.

मला वाटते, आपल्यासारख्या संसारी बायकांनी इथे जरा थांबून विचार करावा. आपल्या गोष्टी घरातूनच निघतात. सासूबाईंचा स्वभाव, नवऱ्याची नोकरी, जावेचे आजारपण, मुलाचे नापास होणे, सगळ्यांत गोष्ट असते आणि ती रंगतेही. जाहिरातींचे पैसे मिळायला १,००० सबस्क्रायबर आणि वर्षभरात ४,००० तास बघितले जाणे ही एक अट आहे. त्या आकड्यांच्या ओढीने माणूस घरातले एकेक गुपित बाहेर काढू लागतो. मोठ्या माणसाला निदान 'नको' म्हणता येते. पाच वर्षांच्या पोराला रडताना दाखवले, तर ते कुणाकडे दाद मागणार? उद्या त्याचे वर्गमित्र तो व्हिडिओ बघणार आहेत.

म्हणून जमेल तेवढे असे करावे. नमस्कार थोडक्यात आटपून थेट प्रसंगाला हात घालावा. एका व्हिडिओत एकच गोष्ट सांगावी. फोडणीचा, पाट्याचा, पावसाचा आवाज तसाच राहू द्यावा. सिनेमाचे गाणे मागे लावू नये, त्यावर मालकाचा हक्क असतो आणि व्हिडिओ अडकतो. आणि लावण्याआधी, ज्याची गोष्ट आहे त्याला तो एकदा दाखवावा. नको म्हणाला, तर तेवढा भाग कापून टाकावा.