५८ थेंब आणि एक उसना आकडा

सध्या भेटेल त्याला हेच सांगत सुटलोय: शंभर वेळा मोजलं म्हणजे उत्तर बरोबर येतंच असं नाही!

निमित्त मिलिकनच्या तेलथेंबांच्या प्रयोगाचं. पुस्तकात वाचलेला, पण परवा एका कॉलेजच्या लॅबमध्ये प्रत्यक्ष पाहिला. दुर्बिणीला डोळा लावला तर काळोखात चमकणारे बारीक ठिपके! त्या दुर्बिणीत चित्र उलटं दिसतं, म्हणून पडणारा थेंब चढताना दिसतो. व्होल्टेज वाढवत नेलं की एखादा थेंब चक्क अधांतरी थबकतो!

पण खरी कमाल पुढे आहे. १९१३ साली शिकागोत रॉबर्ट मिलिकनने ५८ थेंबांवरून इलेक्ट्रॉनचा विद्युतभार जाहीर केला. दहाचे घात बाजूला ठेवले तर आकडा ४.७७४, शंकेला जागा फक्त ०.००९. त्याच एककात आजचा आकडा ४.८०३. म्हणजे फरक त्या शंकेच्या तिप्पट! इतक्या कसबी हातून हे झालं कसं?

थेंबाचा आकार त्याच्या पडण्याच्या वेगावरून काढतात. त्यासाठी हवेची व्हिस्कॉसिटी लागते. ती वेगळ्या प्रयोगांतून घेतलेली होती आणि अर्ध्या टक्क्याहूनही कमी फरकाने चुकलेली होती. सूत्रात तिचा दीड घात येतो, म्हणून उत्तरातली चूक दीडपट झाली. घड्याळाचं बटण कधी आधी, कधी नंतर दाबलं गेलं तर त्या चुका सरासरीत एकमेकींना खाऊन टाकतात. ही चूक मात्र प्रत्येक थेंबाला एकाच दिशेने ओढत होती. ५८ काय, ५८ हजार थेंब घेतले असते तरी ती हटली नसती! सिस्टिमॅटिक एरर म्हणतात ती हीच.

मग ती पकडली कुणी? क्ष-किरणांनी! १९२०च्या दशकात त्यांची तरंगलांबी रेघांच्या ग्रेटिंगवर थेट मोजता येऊ लागली. स्फटिकावरून काढलेल्या तरंगलांबीशी ती जुळेना, कारण स्फटिकातल्या अणूंमधलं अंतर मिलिकनच्याच आकड्यावर बेतलेलं होतं. या नव्या वाटेवर ना तेल होतं, ना हवा. १९३०च्या दशकात व्हिस्कॉसिटी नव्याने मोजली गेली आणि हिशेब जुळला.

आता कुठलाही काटेकोर आकडा दिसला की माझे दोन प्रश्न ठरलेले: यात उसनं काय घेतलंय? आणि दुसऱ्या वाटेने कुणी इथे पोचलंय का? तुम्हीही विचारून बघा. विज्ञान वाचायची मजा दुप्पट होते!